गल्ली पुढे चालू

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत.
पत्ता विचारला की माणूस आकडा सांगतो
आणि हात मात्र नदीकडे करतो.

म्हणून पहिली रेघ ओढली ती काठापासून नाही,
गल्लीच्या तोंडापासून:
पंक्चरचं दुकान, रसवंती, भरताची वांगी विकणारी बाई,
आणि मग एकदम पांझरा,
कसलीही प्रस्तावना न करता.

समिती म्हणाली, संग्रहालय नावेच्या आकाराचं करा.
मी म्हटलं, पांझरेत शेवटची नाव कुणी पाहिली?
कुणीच नाही.
मग मोराच्या आकाराचं करा, एकजण म्हणाले.
चहा आला. ठराव पुढे गेला.

पाटबंधाऱ्याच्या हापिसातून कागद मिळाला,
त्यावर निळी पूररेषा, लाल पूररेषा.
निळीच्या आत बांधायचं नाही,
लालच्या आत बांधायचं ते भीत भीत.
कागद घेऊन काठावर उभी राहिले
तेव्हा सुपडू आप्पा चादरी आपटत होते.
थांबले. हात पुसले.
लिंबाच्या बुंध्याशी आले आणि पंजा टेकवला
स्वतःच्या डोक्याच्याही वर.
“पानी आठलगून उनं व्हतं.”
कोणत्या साली?
“धाकली पोर तवय रांगे.”
टेप लावून पाहिली.
लाल रेषा त्यांच्या कोपराशी येत होती.

त्या रात्री तळमजला पुसला.
आता तिथे नुसते खांब,
आणि खांबांमध्ये एक रिकामं दालन:
चित्र नाही, दिवा नाही, फरशी तेवढी घासता येईल अशी.
नकाशात त्याचं नाव लिहिलं, पाहुणीची खोली.
पाहुणी कोण, समितीने विचारलं.
मी खिडकीतून खाली पाहिलं.
त्यांनीही पाहिलं.
कुणी काही बोललं नाही, सही झाली.

दरवाजा कुठे, हा वाद दोन महिने चालला.
श्रावणात कानबाई याच गल्लीतून नदीवर जाते,
डोक्यावर पाट, पुढे वाजंत्री,
तिला मी काय सांगू, डावीकडून वळसा घ्या?
गल्लीच मग इमारतीतून सरळ नेली,
चौदा फूट रुंद, बिनदाराची,
थेट पायऱ्यांपर्यंत.
मग तिकीट कुठे फाडायचं?
वर.
रात्री गुरं येऊन बसतील.
बसतील.

वरच्या मजल्यावर यादव पेंटरांच्या पाट्या.
सिनेमाचे बोर्ड, बँड पार्टीच्या गाडीचे पत्रे,
एक दंतमंजनाचा वाघ, त्याचे डोळे मात्र पेंटरांच्या मुलीचे,
असं पेंटर स्वतःच सांगतात.
पण अर्धा संग्रह अजून गल्लीतच टांगलेला आहे,
दुकानांवर, उन्हात, रोज थोडा फिका होत.
तो काढून आणायला मन होईना.
खिडकी तिकडे कापली.
आता वाघापुढे उभं राहिलं
की त्याच्या कानामागून दिसतं
‘जयश्री क्लॉथ’, त्याच हाताचं, त्याच लाल रंगातलं,
आणि त्याखाली गिऱ्हाईक.

मे महिन्यात मॉडेल घेऊन पात्रात उतरले.
पात्रात पाणी नव्हतं, मॅच होती.
थर्माकोलच्या पायऱ्या, आगकाड्यांचे खांब
वाळूवर ठेवले तशी पोरं गोळा झाली.
किपिंग करणारा तन्वीर उकिडवा बसला,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला.
“मॅडम, ही काच लेगला येते का ऑफला?”
नकाशा फिरवला, पिचशी जुळवला.
लेगला.
त्याने मान हलवली.
“मग फुटेल. हर्षू लेगलाच मारतो.”
हर्षू, वय वर्षं अकरा,
बॅट जमिनीत रोवून नम्रपणे उभा होता.

घरी येऊन काच सहा फूट मागे घेतली,
पुढे सात पायऱ्या वाढवल्या.
अंदाजपत्रक वाढलं, ते मी समितीला समजावीन.
आणि समासात,
जिथे सिमेंटचं प्रमाण लिहितात, तिथे
बारीक अक्षरात लिहून ठेवलं:

येथे चेंडू येईल.
उचलून परत द्यावा.